कबरीवरच्या जुन्या दगडावर नवीन नाव कोरून घ्यायचंय? परवानगीपासून रंगापर्यंत सगळं

दगडावर वडिलांचं नाव आहे, त्याखाली मुद्दाम सोडलेली मोकळी जागा आहे आणि आता तिथे आईचं नाव घालायचंय. आपल्या ख्रिस्ती घरांमधे हे काम कधी ना कधी येतंच, आणि बहुतेकांना वाटतं की एक कारागीर गाठला, नाव-तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की झालं. कोरायला खरंच फार वेळ लागत नाही, दोन-तीन ओळी असतील तर अर्धा-एक दिवस. वेळ लागतो तो त्याच्या आधी आणि बिघडतं तेही त्याच्या आधीच. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनभूमीचं रजिस्टर माझ्याकडे असतं, त्यामुळे लोक पहिल्यांदा माझ्याकडेच येतात आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो, की नवीन ओळ जुन्या ओळीच्या शेजारी कायमची बसणार आहे, तर आधी जुनी ओळ नीट बघा, मोजा, कागदावर उतरवून घ्या, मग नवीनचं बोला.

आधी थोडं थांबा

त्याच कबरीत दुसरं दफन झालं असेल तर माती नुकतीच उकरलेली असते. आपल्याकडे काळी माती जास्त, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, त्यामुळे ओटा आणि दगड दोन्ही हलतात. किमान एक पावसाळा जाऊ द्या. घाईने दगड बसवला आणि पुढच्या जुलैत तो एका अंगाला कलला की परत पहार, परत सिमेंट, परत खर्च. तोपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, परवानगी आणि मजकूर यातच महिने जातात.

वर्षाचं गणितही बघून ठेवा. कॅथलिक घरांना २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत काम हवं असतं, आमच्यासारख्या मंडळ्यांमधे ईस्टरच्या पहाटेची उपासना दफनभूमीत असते म्हणून सगळ्यांना ईस्टरच्या आधी हवं असतं, आणि कारागीर तेच मोजके. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन करणाऱ्याला कारागीर नाही म्हणत नाही, हो म्हणतो आणि घाईत उरकतो. पावसात काम करूच नका, ओल्या दगडाला रंग धरत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा.

परवानगी कोणाची

दगड तुमचा असला तरी जागा तुमची नसते. कुठे चर्च कमिटी, कुठे ट्रस्ट, कुठे महापालिका, जागा ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे लेखी अर्ज द्यायचा. पाळकसाहेबांना किंवा फादरना तोंडी सांगितलं म्हणजे परवानगी झाली असं समजू नका, कारण उद्या गेटवरचा माणूस कारागिराला आत सोडत नाही तेव्हा ते साहेब नेमके गावाला गेलेले असतात. अर्जासोबत साधारण हे लागतं: कबरीचा नंबर, कायमच्या कबरीची पावती असेल तर तिची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि कोरायचा मजकूर जसाच्या तसा. पावती हरवली असेल तर घाबरू नका, दफनाच्या रजिस्टरमधे नोंद असते, फक्त साल तरी सांगा म्हणजे शोधता येतं. "आजोबा कधीतरी आणीबाणीच्या आसपास गेले" एवढ्यावर पानं उलटायला लावू नका ही नम्र विनंती.

भावंडांची संमती कमिटी मागो न मागो, तुम्ही घ्याच. मला रजिस्टरपेक्षा जास्त त्रास या भांडणांचा झालाय. एक भाऊ दगड करून मोकळा होतो आणि बहीण नाताळला येऊन विचारते की "अर्पण करणाऱ्यांत माझं नाव कुठंय?" सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद करा आणि त्यावर मजकूरही लिहा.

मुंबईत आणि गोव्यात बऱ्याच ठिकाणी साधी कबर काही वर्षांनी परत वापरतात आणि अस्थी भिंतीतल्या निशमधे, म्हणजे कोनाड्यात, ठेवतात. तुमचं तसं असेल तर काम उलट सोपं आहे, निशची संगमरवरी पाटी काढून दुकानात न्यायची आणि कोरून आणायची. पण कबर कायमची आहे का तात्पुरती हे आधी विचारा, नाहीतर दगडावर खर्च करायचे आणि नंतर जागाच सोडायची असं होतं. पुण्यातल्या खडकीच्या युद्ध स्मशानभूमीसारख्या ठिकाणी तर सगळं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ताब्यात असतं, तिथे घरच्यांनी स्वतः काही कोरायचा प्रश्नच येत नाही.

दगड ओळखा

आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार दिसतात. पांढरा संगमरवर, काळा ग्रॅनाइट, कडप्पा, आणि खूप जुन्या कबरींवर आपला स्थानिक काळा पाषाण. संगमरवर मऊ, टाकीने, म्हणजे छिन्नीने, सुरेख कापला जातो, पण तो चुनखडीच्या जातीचा असल्यामुळे आम्ल त्याला खातं. शंका असेल तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका, बुडबुडे आले तर संगमरवर किंवा कडप्पा, आणि लगेच पाण्याने धुवा. ग्रॅनाइटला काही होत नाही. कडप्पाही चुनखडीच, त्याचे पापुद्रे सुटतात, त्यावर बारीक अक्षरं कोरायच्या फंदात पडू नका.

आता तब्येत. बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने दगडावर हलकेच टकटक करत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, मधेच बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा भेग आहे. जुन्या संगमरवरावरून तळहात फिरवा, हाताला साखरेसारखी कणी लागली तर वरचा थर सुटायला लागलाय आणि तिथे कोरलेलं अक्षर कडेने झडणार. खालच्या सांध्याजवळ तपकिरी डाग दिसले तर आत लोखंडी गज आहे, तो गंजून फुगतो आणि दगड फोडतो. अशा दगडावर आधी दुरुस्ती, मग अक्षरं. कारागीर हे आपणहून सांगेलच असं नाही, त्याला अक्षरांचे पैसे मिळतात.

साफसफाई कोरायच्या आधी करा आणि कोरल्यावर नको. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, शेवाळ जास्त असेल तर पाणी मारून तासभर भिजू द्या आणि लाकडी पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश नको, प्रेशरचा पाइप नको, आणि टॉयलेट क्लीनर तर अजिबातच नको. दरवर्षी २ नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी कोणीतरी निळी बाटली घेऊन येतंच, आणि वडिलांचा दगड चकाचक होतो खरा, पण त्याबरोबर पॉलिशही जातं.

जुनं अक्षर कागदावर उतरवून घ्या

हे मुख्य काम आहे आणि हेच लोक टाळतात. मोबाइलचा फोटो पुरत नाही, तो तिरका येतो आणि त्यात माप नसतं. मोठा पातळ कागद घ्या, ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर चालतो. दगड कोरडा करून कागद मास्किंग टेपने चारी बाजूंनी ताणून चिकटवा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने एकाच दिशेने घासत जा. अक्षरं पांढरी राहतात, बाकी कागद काळा होतो. जुन्या हाताने कोरलेल्या दगडावर कधीकधी अक्षरांच्या वर-खाली केसासारख्या दोन बारीक रेघाही उमटतात, ती त्या वेळच्या पाथरवटाची आखणी. ती सापडली तर नशीबच, कारण नवीन ओळीचं अंतर त्यावरूनच मिळतं.

मग मोजा. शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत किती मिलिमीटर, दोन ओळींमधे किती, शिरोरेघेची जाडी किती, आणि खोली. खाच इंग्रजी व्ही सारखी निमुळती आहे का तळाशी सपाट, हेही बघा. टाकीने केलेली बहुतेक निमुळती असते, मशीनची सपाट. हे कळायला मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून बाजूने मारा, सावली सगळं सांगते. आणखी एक बघा, हाताने कोरलेल्या जुन्या दगडांवर शिरोरेघ अक्षराअक्षराला किंचित तुटलेली असते, आणि कॉम्प्युटरच्या फाँटमधे ती सलग येते. वर तुटक आणि खाली सलग झालं की लांबूनही डोळ्याला खटकतं, का खटकतंय ते मात्र चटकन सांगता येत नाही.

मजकूर

वरच्या ओळीत "जन्म ता. १२ जून" अशी पद्धत असेल तर खालीही तशीच ठेवा, एकीकडे शब्दांत महिना आणि दुसरीकडे १२-०६ असं नको. वर मराठी आकडे तर खालीही मराठी आकडे. नावाचं स्पेलिंग दाखल्यावरचं घ्यायचं का घरातलं, हे घरात ठरवा. मी म्हणेन की घरातलं घ्या, दाखले कारकुनाने लिहिलेले असतात. बायबलचं वचन घालायचं असेल तर पूर्ण वचन कोरायचा हट्ट सोडा, "स्तोत्र २३" एवढं पुरतं आणि जागा वाचते. वर वडिलांच्या नावाआधी "कै." असेल तर आईच्या नावाआधीही घाला, नसेल तर नवीन काढू नका.

जुन्या शुद्धलेखनाचा प्रश्न बऱ्याच घरांत येतो. १९६२ साली मराठी लेखनाचे नियम बदलले, त्याआधीच्या दगडांवर "येथें", "नांव", "करितां" असे अनुस्वार दिसतात आणि मग मुलं विचारतात की जुनं दुरुस्त करून घ्यायचं का. नाही! ते चूक नाही, त्या काळचं बरोबर आहे. नवीन ओळ मात्र आजच्या पद्धतीने लिहा, एक पिढी मधे गेलीये हे दिसलं तर काही बिघडत नाही.

आणि आता खरी अडचण, म्हणजे देवनागरी आणि मशीन. दुकानातला मुलगा जुन्या कोरलड्रॉमधे (डिझाइनचं सॉफ्टवेअर) काम करतो, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेलं युनिकोड (मोबाइलवर टाइप होतं ते मराठी) तो पेस्ट करतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाते, जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. मग तो ते श्रीलिपीत किंवा कृतिदेवमधे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटमधे, परत टाइप करतो आणि तिथे चुका शिरतात. म्हणून मजकूर तीन प्रकारे द्या: टाइप केलेला, हाताने मोठ्या अक्षरात लिहिलेला, आणि त्या हस्तलिखिताचा फोटो. कारागीर राजस्थानकडचा असेल तर फाँटही हिंदीचा असतो, त्यात ल आणि श चं वळण वेगळं येतं. २००९ साली शासनाने मराठीसाठी या दोन्हींचं वळण ठरवून दिलंय, पण दगडाच्या दुकानात शासन निर्णय कोण वाचतो. ५, ८ आणि ९ हे आकडेही बघा, आणि "झ", "अ". "ऱ्य" तर हमखास "र्य" होतो, म्हणजे आडनावात तो असेल तर डोळ्यात तेल घालून बघा.

"साहेब, फाँट कुठला टाकू?" असं कारागीर विचारतोच. त्याला खडूने काढलेला तो कागद द्या आणि म्हणा, "भाऊ, फाँट नको, ह्या अक्षरासारखं हवंय." चांगला कारागीर तिथेच कागद उलगडून बघायला लागतो. जो न बघता "होऊन जाईल" म्हणतो त्याच्याकडून उठा.

जाता जाता, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, लोकांच्या कबरींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असतं, त्यांना ही अडचण दुप्पट, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं आणि सॉफ्टवेअर कधीकधी सगळी अक्षरं उलट्या क्रमाने मांडून ठेवतं. हिब्रू वाचणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय तिथे टाकी लावू देऊ नका.

कोण करणार आणि कशाने

मोठ्या दफनभूमीच्या गेटबाहेर कबरीची कामं करणारे असतात, नाहीतर कोनशिला आणि देवळाच्या पाट्या करणारे संगमरवरवाले हे काम करतात. जाहिरात बघू नका, दफनभूमीतच फिरा, आठ-दहा वर्षांपूर्वी केलेलं एखादं जोडकाम शोधा आणि ते कोणी केलं विचारा. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं.

संगमरवरावर हाताची टाकी सगळ्यात बरी, दगड जागेवरून न हलवता काम होतं आणि जुन्या अक्षराशी जुळतं. असा हात असलेले लोक आता कमी राहिलेत पण आहेत. ग्रॅनाइट कठीण, त्यावर सँडब्लास्टिंग: रबराचं स्टेन्सिल चिकटवायचं, अक्षरं कापून काढायची आणि कॉम्प्रेसरने कण मारायचे. लेझर फक्त पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर उठून दिसतं, आणि तेही वरवरचं, दगडाची चमक घालवून पांढुरकं करतं, खोली जवळजवळ नाहीच. दगडावर फोटो उमटवायला ठीक, पण वरचं नाव खोल कोरलेलं असेल तर खालचं लेझरने करू नका.

जागेवर करायचं का दुकानात न्यायचं? मला विचाराल तर शक्य असेल तोवर जागेवर. ३ फूट बाय २ फूट आणि २ इंच जाडीचा दगड साधारण ७५ किलो भरतो, सिमेंटमधून सोडवताना कोपरा उडायची भीती, टेम्पोत तडकायची भीती. न्यावाच लागला तर आडवा झोपवून नेऊ देऊ नका, गोणपाट गुंडाळून कडेवर उभा करून बांधायचा. निघायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि कुठे टवका आधीपासून आहे ते कारागिराला दाखवा. परत बसवताना लोखंडी गजाऐवजी स्टेनलेस स्टीलचा घालायला सांगा, फरक थोडाच पडतो.

जागेवर ब्लास्टिंग करणार असाल तर कमिटीला आधी सांगा, कारण दफनभूमीत बहुतेक ठिकाणी लाइटचं कनेक्शन नसतं, डिझेल कॉम्प्रेसर येतो, आवाज होतो आणि त्याच वेळी शेजारी कोणाचं दफन असू शकतं. आजूबाजूच्या कबरींवर ताडपत्री टाका. काम करणाऱ्याच्या तोंडाला नुसता रुमाल असेल तर त्याला चांगला मास्क आणून द्या, दगडाची ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही.

भाव

दर अक्षरामागे असतो, पण अक्षर म्हणजे काय हे आधी ठरवा. "ख्रिस्तवासी" हे कोणी चार धरतो, कोणी मात्रा-वेलांटी वेगळी मोजतो, कोणी जोडाक्षराचे दोन लावतो. पूर्ण मजकूर समोर ठेवून एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या आणि त्यात काय काय येतं ते विचारा: दगड काढणं, नेणं-आणणं, परत बसवणं, नवीन अक्षरांना रंग, आणि जुन्या अक्षरांना परत रंग. हे शेवटचं कराच. नाहीतर आईचं नाव काळंभोर आणि वडिलांचं पुसट, कोणालाच बरं वाटत नाही. थोडा अ‍ॅडव्हान्स द्या, बाकीचे तपासल्यावर.

कागद दगडावर लावल्याशिवाय टाकी नाही

मोबाइलवर प्रूफ मंजूर करू नका. पूर्ण मापाचा प्रिंट काढून घ्या, दगडावर जिथे कोरायचं तिथेच टेपने लावा, आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. ओळ मधोमध आहे का, वरच्या ओळीशी सरळ आहे का, खाली आणखी एखाद्या नावाला जागा उरते का. मग जवळ जाऊन एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, शेवटून सुरुवातीकडे वाचलं तर चुका लवकर सापडतात कारण मेंदू ओळखीचं नाव आपोआप बरोबर वाचून टाकतो. तारखा दाखल्याशी ताडून बघा. घरातल्या अशा माणसाला वाचायला लावा ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही. दुबईचा भाऊ आणि पुण्याची बहीण ग्रुपवर शेवटपर्यंत बदल सुचवत राहतात, म्हणून शेवटचा शब्द एकाचाच असं आधीच ठरवा आणि त्याने प्रिंटवर सही करून तारीख टाकावी. एक प्रत कारागिराकडे, एक तुमच्याकडे.

कोरायच्या दिवशी घरचं कोणीतरी हजर राहा. मधे मधे बोलायचं नाही, फक्त पहिलं अक्षर झालं की खोली बघायची.

जागाच नसेल तर दाटीवाटीने अक्षरं बारीक करू नका, ती पाच वर्षांत वाचता येत नाहीत. ओट्याच्या दर्शनी बाजूला त्याच जातीच्या दगडाची वेगळी पाटी बसवा, किंवा पायथ्याशी उघड्या पुस्तकाच्या आकाराचा संगमरवर ठेवतात तसा ठेवा. कोरताना चूक झालीच तर इपॉक्सी आणि दगडाची भुकटी भरून झाकता येतं, पण ते ठिगळ उन्हात वेगळंच दिसतं. अशा वेळी तो भाग खोल चौकोनात उतरवून त्यात नवीन पाटी बसवणं बरं, खर्च कारागिराचा, म्हणून ती सही केलेली प्रत जपून ठेवायची.

रंग

खाचेतली भुकटी ब्रशने काढा, दगड पूर्ण वाळू द्या, मग रंग. ग्रॅनाइटवर सांडलेला रंग थिनरने पुसला जातो. संगमरवर मात्र रंग पितो, आजूबाजूला टेप लावल्याशिवाय भरू देऊ नका. संगमरवरावर काळा इनॅमल सगळ्यात टिकाऊ. सोनेरी हवाच असेल तर लक्षात ठेवा की डब्यातला सोनेरी रंग हा पितळी भुकटीचा असतो, उघड्यावर दोन-चार वर्षांत काळपट-हिरवट पडतो. खरा सोन्याचा वर्ख महाग पण तो काळवंडत नाही. ब्रिटिशांच्या काळातल्या काही दगडांवर अक्षरात शिसं ठोकून भरलेलं असतं, तसं असेल तर त्याला रंग फासू नका, एखादं अक्षर निघालं असेल तर तेवढंच भरून घ्या.

सगळं झालं की दगडाचा समोरून एक फोटो आणि कोरलेल्या मजकुराची नक्कल रजिस्टर ठेवणाऱ्याकडे द्या, कबरीच्या नंबरसकट. परवानगीची पावतीही त्यालाच जोडा. ती नोंद लागेपर्यंत कमिटीच्या दृष्टीने तुमचं काम अर्धंच झालेलं असतं, आणि पुढच्या वेळी अर्ज घेऊन तुमची मुलं येतील तेव्हा तेच पान उघडलं जातं.